सतरा इंची अलॉय लावले की गाडी वळणावर चिकटते का? टायर आणि चाकाच्या साइजचं गणित

परवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एका टायरच्या दुकानात हवा चेक करायला थांबलेलो, तिथं एक पोरगं आलं, केए-२२ ची स्विफ्ट, कॉलेजला असेल बहुतेक, आणि विचारायला लागलं, "मामा, सतरा इंची बसतील न्हवं हिला? चोर्ला घाटात वळणावर कशी चिकटून पळायला पाहिजे, स्पोर्ट्स कारसारखी." मामा म्हणाले, "बसतील की. घासलं तर मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं लायनर जरा कापून देतो."

हाच प्रश्न मी स्वतः काही वर्षांमागं विचारलेला आणि हेच उत्तर मिळालेलं, त्याचं पुढं काय झालं ते खाली सांगतोच. पण त्या दिवशी त्या पोराला थांबवून जे सांगितलं ते सगळ्यांनाच उपयोगी पडेल असं वाटलं, कारण हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही बघा, गाडी घेतली की पहिल्या महिन्यात चाकं काढून अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं, घालायलेत, आणि बदलताना विचारायलेत फक्त एकच, किती इंच. इंच हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे.

एक शब्द आधी नक्की करून घेऊ. हँडलिंग म्हणजे गाडीचा स्पीड नव्हे. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किती लवकर, किती नेमकी आणि किती भरवशानं वळते, मधेच खड्डा आला तरी ओळ सोडत नाही ना, ते हँडलिंग.

टायरच्या बगलेवर काय लिहिलंय

आपल्या आज्यांच्या बैलगाडीला लाकडी चाकावर लोखंडी पट्टा तापवून चढवायचे, त्याला धाव म्हणायचे. रस्त्याला टेकायची ती धावच, बाकी सगळं चाक. मोटारीत ते काम टायर करतो, फरक एवढाच की यात हवा असते आणि रबर वाकतं. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, त्याचंच नाव आपल्याकडं ऊस ओढणाऱ्या टायरगाडीला चिकटलंय, डनलॉपची गाडी.

आता आकडे. समजा बगलेवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिहिलंय १९५/५५ आर१६ ८७व्ही. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ हे मिलिमीटर नाहीत बरं का, इथंच बरेच जण फसतात, ते रुंदीचे टक्के आहेत, म्हणजे बगलेची उंची १९५ च्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची रचना, हल्ली कारला तेच असतं. १६ म्हणजे रिमचा, टायर ज्या धातूच्या चाकावर बसतो त्याचा, व्यास इंचात. ८७ हा भाराचा कोड, त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ५४५ किलो उचलतो. आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत चालण्याइतका तो टायर मजबूत आहे.

एकाच टायरवर रुंदी मिलिमीटरमध्ये, बगल टक्क्यांत आणि रिम इंचात. मापं अशी मिसळलेली असल्यामुळंच गिऱ्हाइकाला शेवटचा आकडा तेवढा समजतो आणि तो तेवढाच विचारतो.

पहिला नियम: बाहेरचा घेर तोच ठेवायचा

उद्यमबागेत मशिनवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, त्याला मिलिमीटरची किंमत माहीत असते. टायरचा बाहेरचा व्यास म्हणजे रिमचा व्यास अधिक वरची बगल अधिक खालची बगल. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला कित्येक वर्षं १६५/८० आर१४ यायचं. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, बगल १३२, ती दोनदा, बेरीज ६१९.६. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ असायचं, त्याची बेरीज ६२१.५. बघा, कंपनीनं स्वतः रिम एक इंच वाढवली पण बाहेरचा व्यास दोन मिलिमीटरनंसुद्धा हलू दिला नाही.

का? कारण स्पीडोमीटर, किलोमीटरचा काटा, गिअरचं गणित, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), सगळं चाक एका फेऱ्यात किती अंतर कापतं यावर बेतलेलं असतं. १९५/५५ आर१६ घातलं तर ६२०.९ येतं, एकदम बरोबर. २०५/४५ आर१७ घातलं तर ६१६.३, मूळ मापापेक्षा अर्ध्या टक्क्याहून जरासंच जास्त लहान, चालण्यासारखं. पण कुणी २०५/५० आर१७ चढवलं तर ६३६.८, जवळजवळ पावणेतीन टक्के मोठं, म्हणजे काटा शंभर दाखवताना चाकं आधीपेक्षा पावणेतीन किलोमीटर जास्त धावायलेत, पिकअप मेलेला आणि स्टिअरिंग पूर्ण कापलं की मडगार्डच्या आत घासायला लागतंय. एक ते दीड टक्क्याच्या आत राहा, मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहे, दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं.

मग इंच वाढवून मिळतं काय?

मिळतं, खोटं कशाला बोलू. घेर तोच ठेवून रिम मोठी केली की बगल आपोआप बुटकी होते. आता अंगण झाडायचा खराटा घ्या. वरच्या टोकाला धरून जमिनीवर दाबून बाजूला ओढा, काड्या वाकतात आणि टोकं मागं राहतात. तोच खराटा खाली, काड्यांजवळ धरून ओढा, हात हलला की टोक हलतं. टायरची उंच बगल म्हणजे वर धरलेला खराटा. स्टिअरिंग फिरवलं की रिम वळते, रस्त्याला टेकलेलं रबर जरा उशिरा येतं, मधल्या वेळात बगल पीळ खात असते. रिमची दिशा आणि गाडी खरोखर जाते ती दिशा यांच्यात जो थोडा कोन राहतो त्याला स्लिप अँगल म्हणतात. बुटक्या बगलेला तेवढंच वळण कमी कोनात जमतं, म्हणून स्टिअरिंगला उत्तर चटकन मिळतंय असं हाताला जाणवतं.

लोक याच जाणिवेला ग्रिप समजतात. ती ग्रिप नव्हे, ते फक्त उत्तर लवकर मिळणं आहे. रस्ता धरून ठेवायची ताकद वेगळी, ती मुख्यतः रबरात असते.

पण रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकणार, हे तर साधं आहे की!

वाटतं साधं. आईनं भाकरीसाठी पिठाचा गोळा घेतला, तो गोल थापला काय किंवा लांबट थापला काय, जाडी तीच ठेवली तर पसारा तेवढाच भरणार, कारण गोळा तेवढाच आहे. टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरतं, वरून भार किती आणि आत हवा किती. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार धरा, हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार करा, १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. एक तळहात. अख्खी गाडी, घरची माणसं, डिकीतलं सामान, सगळं चार तळहातांवर चाललंय, टायर १६५ चा असो की २०५ चा.

बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड होतो, अरुंद टायरचा उभा आणि लांब. वळताना आडवा ठसा कमी पिळवटतो, उष्णता जास्त रबरात वाटली जाते, म्हणून कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर रुंद टायरला खरंच फायदा होतो. शिवाय रबराचा एक स्वभाव आहे, त्याच्यावर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणावर बाहेरच्या दोन टायरवर भार येतो, तिथं रबर जास्त असेल तर ते कमी दमतं. जड आणि पॉवरफुल गाड्यांना रुंद टायर देतात ते याचसाठी.

पण आपला प्रदेश बघा. जून ते सप्टेंबर कणकुंबी, जांबोटी, आंबोली इथं जो पाऊस पडतो तो काही फक्त भुरभुर नसतो. रुंद टायरला रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायला जास्त रुंदीचं सारावं लागतं आणि ठसा आखूड म्हणून वेळ कमी मिळतो, मग टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं. नक्षी झिजून १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच, पण रुंद टायर असेल तर मी म्हणेन पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरवरच बदला. गोट्या झालेल्या २०५ पेक्षा नवा १६५ पावसात कितीतरी बरा. आणि दुसरं, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यात ज्या चाकोऱ्या पडतात त्यात रुंद टायर शिरला की गाडी चाकोरीच्या मनानं जायला बघते, संकेश्वर, चिकोडीकडं ज्यांनी चालवलंय त्यांना हे माहीत आहे.

वजन, ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही

आता माझं. मी १४ इंची लोखंडी रिम काढून १७ इंची अलॉय आणि २०५/४५ चे टायर चढवले. गाडी दिसायची छान, खरंच छान दिसायची. हायवेवर धारवाडकडं जाताना वळणं कापताना मजा यायची. पण गाव सोडून आतल्या रस्त्याला लागलं की काहीतरी बिनसलेलं, वळणात बारीक खड्डा आला की मागची बाजू अर्धा वीत बाजूला सरकायची, आधी कधी सरकली नव्हती. मला कळेना, टायर रुंद, बगल कडक, मग असं का.

शेवटी ओळखीच्या भुसारी दुकानातल्या काट्यावर जुनं चाक आणि नवं चाक टायरसकट ठेवून बघितलं. नवं चाक चार किलोपेक्षा जास्त जड निघालं. एक चाक.

चार किलो म्हणजे डिकीत ठेवलेले चार किलो तांदूळ नव्हेत. गाडीचं बहुतेक वजन स्प्रिंगच्या वर बसलेलं असतं, चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली. याला अनस्प्रंग वजन म्हणतात, आपण खालचं वजन म्हणू. चाक उंचवट्यावरून वर उडालं की त्याला परत खाली रस्त्यावर दाबून आणायचं काम स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर करतात. चाक जड झालं की तेच स्प्रिंग त्याला उशिरा परत आणतात, तेवढा वेळ टायर रस्त्याला नीट टेकलेलाच नसतो आणि न टेकलेल्या टायरला रुंदी कितीही असली तरी पकड शून्य. भाताच्या खाचरात साध्या चपलेनं आणि चिखल भरलेल्या गमबुटानं चालून बघितलंय का कधी? पाय तेच, ताकद तीच, पण गमबूट उचलून नेमक्या जागी ठेवता येत नाही. दुसरं असं की वजन चाकाच्या कडेला गेलं की ते पुढंही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, त्यामुळं कडेचं एक किलो पिकअपला जवळजवळ दोन किलोएवढं भारी पडतं. ब्रेक मारतानाही तेच.

मग एका पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढं पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. स्पीड फार नव्हता. बुटकी बगल खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चेचली गेली, रिमला वाक आणि टायरच्या बगलेला हा एवढा फुगा. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले, तो टायर कधीही फुटू शकतो, त्याला पंक्चरसारखं काढता येत नाही. स्टेपनी जुनी १४ इंची होती, बाहेरचा व्यास जवळपास सारखा म्हणून हळूहळू जांबोटीपर्यंत आणि तिथनं बेळगावला परत येता आलं, पण दोन लहान पोरं मागं बसलेली आणि पाऊस तसा, तो प्रवास मी विसरलेलो नाही. त्या महिन्यात १७ इंची सगळे काढले.

मग पोर्शेला वीस-एकवीस इंच का असतात?

हा प्रश्न येणारच आणि रास्त आहे. पोर्शे ९११ च्या ९९२ पिढीतल्या करेरा एस ला पुढं २४५/३५ आर२० आणि मागं ३०५/३० आर२१ येतात. पण त्या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं आहे, सगळी ताकद मागच्या चाकांना जाते, मागं भार जास्त म्हणून मागं रुंद टायर. ब्रेकच्या डिस्क एवढ्या मोठ्या असतात की त्यांच्यावर १५ इंची रिम बसणारच नाही, रिम मोठी होण्याचं एक मोठं कारण ते आहे. आणि अख्खं सस्पेन्शन त्याच चाकांसाठी पहिल्या दिवसापासून बेतलेलं असतं. आपण काय करतो, फक्त चाक आणतो आणि बाकी सगळं तेच ठेवतो.

फॉर्म्युला वनचं बघा, जगातल्या सगळ्यात वेगात वळणाऱ्या गाड्या, २०२१ पर्यंत त्यांना १३ इंची रिम होती. तेरा! २०२२ पासून १८ इंची झाली. म्हणजे १३ इंची रिमवरसुद्धा त्या गाड्या तशाच वळत होत्या.

आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात शिकण्यासारखी गाडी म्हणजे माझ्दाची एमएक्स-५. दोन सीटची, टनभर वजनाची, आत्ताच्या पिढीला १९५/५० आर१६ किंवा २०५/४५ आर१७ येतात, आणि मूळच्या पिढीला १८५/६० आर१४ होते. म्हणजे चालवायला जगभर नावाजलेली स्पोर्ट्स कार आपल्या स्विफ्ट-पोलोच्याच रुंदीच्या टायरवर चालते. २०१२ मध्ये टोयोटाची जीटी८६ आली तेव्हा तिला मुद्दाम बेताची ग्रिप देणारे २१५ रुंदीचे टायर दिले, प्रियससारख्या मायलेजच्या गाडीला मिळतात त्याच जातीचे, कारण गाडी काय करतेय ते चालवणाऱ्याला कमी वेगातच कळावं हा त्यांचा हेतू होता. गाडी हलकी असेल तर तिला मोठ्या टायरची गरजच पडत नाही.

"बसतंय" आणि "बरोबर बसतंय" यातला फरक

चार नटांची भोकं जुळली म्हणजे झालं असं नाही. भोकांच्या वर्तुळाच्या मापाला पीसीडी म्हणतात, स्विफ्टला ते ४ बाय १०० आहे, भारतातल्या जुन्या पोलोला ५ बाय १००. हे जुळल्याशिवाय चाक लागतच नाही. पण मधलं मोठं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीकडच्या भागावर, घट्ट बसतंय का तेही बघा, बाजारातल्या अलॉयचं ते मुद्दाम मोठं ठेवतात आणि मधे रिंग टाकतात. रिंग टाकलीच नाही तर बॅलन्सिंग कितीही केलं तरी हायवेला स्टिअरिंग थरथरणार.

आता ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या मधोमध रेघ मारा, त्या रेघेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटरवर आहे तो ऑफसेट, रिमवर ईटी ४५ असं काहीतरी कोरलेलं असतं. समजा जुनी रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५, नवी सात इंच रुंद आणि ईटी ३८. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिलिमीटर, त्यात ऑफसेटचे ७ मिळवा, चाक बाहेरच्या बाजूला २६ मिलिमीटर जास्त आलं आणि आत १२ मिलिमीटर सस्पेन्शनच्या जवळ गेलं. पैलवान पाय फाकवून उभा राहिला की त्याला पाडणं अवघड, तसं चाकं थोडी बाहेर आली की गाडी वळणावर जरा स्थिर वाटते हे खरं, पण २६ मिलिमीटर म्हणजे बेअरिंगवर ताण, ब्रेक मारताना आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला ओढणार, पावसात सगळा चिखल दारावर. पाच-सात मिलिमीटरच्या पुढं जाऊ नये असं माझं मत.

टायरलाही ठरावीक रुंदीचीच रिम लागते. १९५/५५ आर१६ ला साडेपाच ते सात इंच, २०५/४५ आर१७ ला साडेसहा ते साडेसात. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची फॅशन आलीय, बगल बाहेरच्या बाजूला तिरकी दिसते, खड्ड्यात रिम उघडी पडते. माझी विनंती आहे, करू नका.

आणि भाराचा कोड बघायला विसरू नका. १६५/८० आर१४ ला साधारण ८५ असतो, ५१५ किलो. साध्या २०५/४५ आर१७ ला ८४, म्हणजे ५०० किलो. दिसायला केवढा मोठा टायर, पण उचलतो कमी, कारण भार हवा उचलते आणि बुटक्या टायरमध्ये हवाच कमी मावते. म्हणून त्या साइजमध्ये एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, असं लिहिलेला ८८ चा घ्यावा लागतो आणि त्यात हवाही थोडी जास्त ठेवावी लागते.

पोलीस, आरटीओ, इन्शुरन्स?

आपली गाडी एका आठवड्यात कोल्हापूर, पणजी आणि हुबळी करून येते, तीन राज्यं. कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं बंधन आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठामपणे सांगितलं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटची साइज घेतली तर सांगायला आधार राहतो, मडगार्डच्या बाहेर आलेल्या चाकांना राहत नाही.

मग घालायचं काय?

त्या पोराला मी सांगितलं ते असं. चौदा इंची असेल तर कंपनीचीच पंधरा इंची साइज घे, १८५/६५ आर१५, हलक्यात हलकी अलॉय बघून, आणि उरलेले पैसे चांगल्या रबरावर घाल. फारच हौस असेल तर १९५/५५ आर१६, त्याच्याहून मोठं नको. बऱ्याच टायरच्या बगलेवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, तो जितका कमी तितकं रबर साधारणपणे मऊ, पकड जास्त आणि झीजही लवकर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची काटेकोर तुलना होत नाही, पण अंदाज येतो. मी आता १८५/६५ आर१५ च वापरतोय, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेलं रबर, आणि चोर्ल्यात ही गाडी १७ इंचीपेक्षा किती निवांत वळते ते शेजारी बसून बघा म्हणून मी चार जणांना घेऊन गेलोय.

पुढं-मागं वेगळ्या रुंदीचे टायर पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीला घालू नका. दोनच नवे घेणार असाल तर नवे मागं लावा, पुढं नव्हे. मागचे टायर आधी सुटले तर गाडी गोल फिरते, ते आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरला सावरत नाही.

हवा सकाळी थंड टायरला बघायची, दारावरच्या स्टिकरवर असते तेवढी. टायर दहा अंशांनी तापला की दीडेक पीएसआय आपोआप वाढते, म्हणून दुपारी पणजीत बघून कमी करायची नाही. टायर किंवा चाकं बदलली की प्रत्येक वेळी अलाइनमेंट करून घ्या, चाकं सरळ नसतील तर बाकी सगळा खर्च पाण्यात.

टायर घेताना बगलेवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा, २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नवीन अलॉय बसवल्यावर नट एअरगननं कसेही आवळून देतात, टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं, आवळून मागा आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी फिरली की परत एकदा जाऊन तपासून घ्या. त्या पोरानं हे शेवटचं मोबाइलमध्ये टाइप करून घेतलं आणि मामांना पंधरा इंचीचा रेट विचारला.